आजारी की रागावलेला

३ फेब्रुवारी

भिंगरीच्या आईस,

तुझा दादा म्हणाला, फोनवर तुमचं बोलणं सुरू झालं की गाडी भांडणावरच जाते, तेव्हा जे काय ते लिहून कळव. बरं. लिहितो.

भिंगरी मजेत आहे. तू गेल्यापासून घर शांत आहे. हे मुद्दाम टोचायला लिहीत नाही. तिचं कसं चाललंय हे तूच विचारलं होतंस, म्हणून आहे ते सांगतो. सकाळी मी हाक मारतो, ती उठते, तिची गोळी मी वेळेवर देतो. मग तिला शाळेच्या फाटकाशी सोडून दातांच्या लॅबमध्ये कामाला जातो. शाळा सुटली की ती मागच्या गल्लीने चालत लॅबमध्ये येते आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून अभ्यास करते. मालकांची हरकत नाही. परवा म्हणालेसुद्धा, ‘पोरगी तुमच्यापेक्षा चलाख निघणार.’ शाळेतून तक्रार नाही. घरात आदळआपट नाही. गेल्या आठवड्यात तर ती इतकी गप्प होती की मीच दोनदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

आता सुट्टीचं. तिला तुझ्याकडे पाठवावं असं दादा म्हणाला. तू बॅग भरत होतीस तेव्हा मी जे म्हणालो, तेच आजही म्हणतो. तू तिकडे बरी व्हायला गेली आहेस. तुझे डॉक्टर, तुझी औषधं, तुझी विश्रांती, सगळं रीतसर होऊ दे. पण दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आईच्या उशाशी बसून आठ वर्षांची पोरगी काय शिकणार? तिच्या चंचलपणाला एडीएचडी म्हणतात हे मागच्या वर्षी कळलं, तेव्हाच डॉक्टरांनी आपल्याला सांगितलं होतं की घरात रोजचा दिवस एकसारखा हवा. तो मी देतोय. तू पडून असायचीस तेव्हा ती कशी सोफ्यावरून कपाटावर आणि कपाटावरून सोफ्यावर उड्या मारायची, ते आठव. आता नाही मारत.

तिचा डावा बूट सापडत नाही. चुकून तुझ्या सामानात गेला नाही ना? कात्रीही नाही. आणि दुधाच्या पातेल्याचं झाकण तू कुठे ठेवायचीस?

औषधं घे.

भिंगरीचा बाबा


२१ फेब्रुवारी

भिंगरीच्या आईस,

बूट सापडला. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे होता. तिथे कसा गेला हे विचारू नकोस, तिलाही माहीत नाही.

शाळेतून तुला फोन आला होता असं दादा म्हणाला, म्हणून खुलासा करतो. नाहीतर मी लिहिणारही नव्हतो. वर्गशिक्षिकेने मला भेटायला बोलावलं होतं. तू ओळखतेस तिला, केसांत पेन्सिल खोचून फिरते ती. म्हणाली, ‘आधीही ती वर्गात उठून फिरायची, पण हाक मारली की परत यायची. आता टेबलाखाली जाऊन बसते. बाहेर ये म्हटलं तर ओरडते.’ मग म्हणाली, एका मुलाला तिने बाकावरून ढकललं आणि त्याचा ओठ फुटला. आणि मग तो नेहमीचा प्रश्न : ‘घरी काही बदललंय का?’

मी म्हटलं, ‘बदललंय ते चांगल्यासाठीच बदललंय.’

त्यावर ती म्हणाली, ‘तुम्ही बरे आहात ना?’ आता हा काय प्रश्न झाला? वर्गातली पोरं आवरत नाहीत आणि चौकशी माझ्या तब्येतीची. हल्ली शिक्षकांना सगळ्याची मुळं घरात दिसतात. मी त्या मुलाच्या आईवडिलांची माफी मागितली आणि निघालो. शाळा म्हणते, असंच चाललं तर तिला पूर्ण दिवस ठेवून घेता येणार नाही. बघू.

मी ठीक आहे. डोकं जरा जड असतं, पहाटेच जाग येते, बाकी काही नाही. मालकांनी मला दात बसवायच्या कामावरून तात्पुरतं बाजूला केलंय. सध्या दवाखान्यांतून येणाऱ्या दातांच्या ठशांमध्ये प्लास्टर ओततो. ते काम शिकाऊ माणसाचं आहे, मला माहीत आहे, तू सांगायला नको. लॅबमध्ये एक नवीन मुलगी आली आहे, तिला दात बसवायची सवय व्हावी म्हणून ही व्यवस्था. आता लपवण्यासारखं काही नाही म्हणून सांगतो, एका बाईंची कवळी माझ्याकडे परत परत आली. चावताना एकाच बाजूला टेकत होती. मला ते दिसतच नव्हतं. डोळ्यांसमोर असून दिसत नव्हतं. होतं असं कधीकधी.

रेडिओवर बातम्या वाचायचे ते आजोबा आठवतात? त्यांचं काम मात्र मी कुणाला दिलेलं नाही. समोरचे दोन दात केसभर पुढेमागे झाले की ‘स’ म्हणताना शिट्टी वाजते, आणि त्यांचं सगळं आयुष्य ‘स’वर गेलेलं. परवा मेणातली कवळी तोंडात बसवून बघायला आले, तर उभं राहून अख्खी बातमी वाचली : ‘सायंकाळच्या सत्रात सरकारने सर्वसंमतीने सादर केलेला...’ प्रत्येक शब्दाला शिट्टी. भिंगरी हसून हसून स्टुलावरून पडली. आजोबाही हसले, आणि हसताना वरची कवळी खाली आली.

संध्याकाळी घरी जाताना ती म्हणाली, ‘बाबा, तू एकटाच हसला नाहीस. तुझं हसू कुठे गेलं?’

मी म्हटलं, कामाला गेलंय.

सुट्टीबद्दल माझं उत्तर बदललेलं नाही.

भिंगरीचा बाबा


८ मार्च

भिंगरीच्या आईस,

घाईत लिहितोय. फोनवर भिंगरी काही भलतंसलतं बोलली असेल तर सांगतो : परवा तिचा गुडघा खरचटला, एवढंच. लॅबमधून पळत बाहेर गेली आणि फुटपाथवर पडली. मी औषध लावलं. आज शाळेत पाठवलं नाही, मीच म्हटलं आराम कर. मीही घरीच आहे.

दादाला सांग, उगाच एवढा प्रवास करून येऊ नकोस. येण्यासारखं काही झालेलं नाही.


११ मार्च

अगं,

तू सगळ्या पत्रात एकच ओळ लिहिलीस : ‘ती म्हणते, मी बसमध्ये बसले होते. कोणत्या बसमध्ये?’

सांगतो.

शनिवार होता, शाळा अर्धाच दिवस. ती दुपारी लॅबमध्ये आली. मालक आणि ती नवीन मुलगी जेवायला बाहेर गेले होते. माझ्या टेबलावर आजोबांची मेणातली कवळी होती. शिट्टी जवळजवळ गेली होती, शेवटचा हात फिरवायचा बाकी होता. मी भिंगरीला म्हटलं, याला हात लावायचा नाही, आणि प्लास्टर कालवायला मागे वळलो. बर्नर पेटलेलाच होता. तो मी बंद करायला हवा होता.

वळून पाहिलं तर तिने कवळी चिमट्यात धरून ज्योतीवर धरली होती. मेण ओघळत होतं आणि दात एकेक करून टेबलावर पडत होते. तिची जीभ ओठांत धरलेली. इतकं मन लावून तिला काही करताना मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

‘मी फक्त शिट्टी काढत होते,’ ती म्हणाली.

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं झालं असतं. मी खाली बसलो. कपाटाला पाठ टेकून, फरशीवर, हाताला तसंच ओलं प्लास्टर. उठायचं नाही असं काही मी ठरवलं नव्हतं. उठायचं म्हणजे नेमकं काय करायचं तेच सुचत नव्हतं. ती म्हणाली, ‘बाबा, सॉरी.’ मग म्हणाली, ‘बाबा, मी परत लावते, बघ.’ एकेक दात उचलून माझ्या तळव्यावर ठेवायला लागली. मग माझी कॉलर ओढली. मग खांद्यावर गुद्दे मारले. मग तिने फळीवरचे प्लास्टरचे नमुने हाताने झटकून खाली पाडले, एक नाही, सगळी रांग. मी काहीतरी बोलावं म्हणून करत होती ती. आत्ता लिहिताना मला ते कळतंय. तेव्हा फक्त आवाज येत होता, आणि तो कधी एकदा थांबतोय असं झालं होतं.

मग तो थांबला आणि मला बरं वाटलं.

हे वाक्य मी दोनदा खोडलं होतं. आता राहू दे.

मालक आले तेव्हा मी तिथेच होतो. ‘पोरगी कुठाय?’ ते म्हणाले. मी हातांकडे पाहिलं. प्लास्टर वाळून दगड झालं होतं. म्हणजे मी किती वेळ तसा बसलो होतो कुणास ठाऊक. दार सताड उघडं होतं.

आम्ही शाळेत गेलो, मैदानावर गेलो, घरी गेलो, परत लॅबवर आलो. मालकांना दम लागतो हे तुला माहीत आहे, तेही धावत होते. मोठ्या रस्त्यावर एक ट्रक थांबला होता आणि त्याच्याभोवती माणसं जमली होती. ट्रकचं फक्त चाक पंक्चर झालं होतं. पण ते कळेपर्यंत काय झालं ते मी लिहू शकत नाही.

शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या बस डेपोतून फोन आला. तिथल्या बाई म्हणाल्या, ‘तुमची मुलगी आमच्याकडे आहे. आईकडे जायचं म्हणते. गावाचं नाव बरोबर सांगते, पण बस उलट्या दिशेची पकडली.’

मी पोचलो तेव्हा ती त्या बाईंच्या टेबलावर बसून पाय हलवत होती. दोन्ही गुडघे सोललेले. कवळी कशी बनवतात ते त्यांना अगदी पहिल्या ठशापासून समजावून सांगत होती. मला पाहिलं आणि टेबलावरून उतरून बाईंच्या खुर्चीमागे गेली. धावत माझ्याकडे आली नाही.

मी विचारलं, ‘कुठे निघाली होतीस?’

‘आईला आणायला. तू बंद पडलास.’

एखाद्या यंत्राबद्दल बोलावं तशी म्हणाली. चिडून नाही, रडून नाही.

तुझा तो सगळा हिवाळा तू खिडकीशी बसून असायचीस, आणि मी येता-जाता म्हणायचो, जरा मनावर घे. आज मला कुणी म्हणालं ना, की मनावर घे, तर मी म्हणेन, मन कुठाय ते आधी शोधून द्या.

दादाला यायचं असेल तर येऊ दे.


२९ मार्च

अगं,

दादा आला. दारातून आत आल्यावर त्याने घराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि भांडी घासायला लागला. मला वाटतं, तो बोलला असता तर मी त्याला हाकलून दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हा दोघांना भिंगरीच्या डॉक्टरांकडे नेलं. मी तयारीनिशी गेलो होतो. शाळेत काय झालं, लॅबमध्ये काय झालं, गोळी वाढवायची का, सगळं डोक्यात मांडून ठेवलेलं. डॉक्टरांनी भिंगरीला ठोकळ्यांचा डबा दिला. ती तो घेऊन थेट टेबलाखाली गेली. मग त्यांनी मला विचारलं, ‘तुम्ही कसे आहात?’

‘ती वर्गातही अशीच टेबलाखाली जाऊन बसते,’ मी म्हटलं.

‘ते दिसतंय मला. तुम्ही कसे आहात?’

‘गोळी एकदाही चुकवलेली नाही.’

‘तुम्ही हो. तुम्ही, तुम्ही.’

माझं डोकं फिरलं. म्हटलं, ‘मी पेशंट नाही.’

‘बरं. मग पेशंटच्या वडिलांना विचारते. शेवटचं पोटभर कधी जेवलात?’

मी आठवायला लागलो. तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला, ‘बाबा उभ्यानेच खातो. कधीकधी खात नाही आणि नुसतं ताट घासून ठेवतो.’

दादा खिडकीबाहेर बघायला लागला.

त्यानंतर त्यांनी बरंच विचारलं. झोप, काम, रडू येतं का, जगणं नकोसं वाटतं का. मी उत्तरं दिली. सगळी खरी दिली. शेवटच्या प्रश्नाचंही. त्याबद्दल तुला समोरासमोर सांगेन. आता तसं वाटत नाही, एवढंच इथे लिहितो. हे विचारायच्या आधी त्यांनी दादाला सांगून भिंगरीला बाहेर पाठवलं होतं.

मग मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. ‘म्हणजे ती अशी झाली ती माझ्यामुळे?’

‘नाही,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘डोळ्यांचा रंग घेऊन आली तसंच हेही घेऊन आली. तुमच्यामुळे नाही, तिच्या आईमुळेही नाही. पण अशा मुलांना स्वतःला आवरणं जड जातं, म्हणून ती जवळच्या मोठ्या माणसाला धरून स्वतःला आवरतात. तो माणूसच खचला की ती सैरभैर होतात. ती सैरभैर झाली की माणूस आणखी खचतो. मग कुणामुळे कोण, हे विचारत बसण्यात काही हशील नसतं.’

‘पण तिची आई गेल्यावर सुरुवातीला ती शांत होती. अगदी शहाण्यासारखी.’

‘शांत होती की घाबरलेली होती?’

तिच्या कपाळाला हात लावून पाहिला होता ना मी. तेव्हा मलाही काहीतरी कळलं असणार. मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं, घर शांत आहे. पोरगी श्वास रोखून बसली होती आणि मी त्याला शिस्त म्हणत होतो.

‘मग आधी कुणाला बरं करायचं?’ मी विचारलं.

‘जो आधी हाताला लागेल त्याला. आज तुम्ही लागलात.’

त्यांनी मला मोठ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. तिथून माझ्या नावाची चिठ्ठी मिळाली. औषधाच्या दुकानात दोन्ही चिठ्ठ्या पुढे केल्या. दुकानदार म्हणाला, ‘ही लहान मुलीची, आणि ही कुणाची?’ मी म्हटलं, ‘भावाची.’ मला भाऊ नाही. दादा मागेच उभा होता. तो दुकानदाराला म्हणाला, ‘त्यांचीच आहे. कशी घ्यायची ते नीट सांगा त्यांना.’

तुझ्या वेळी तू एकटीच गेली होतीस ना दुकानात?


१४ एप्रिल

अगं,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचतोय. ‘तू आजारी पडलास म्हणून मला आनंद झाला नाही, पण तुझं पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं की आता तुला काही समजावून सांगावं लागणार नाही.’ हे तू रागाने लिहिलं असतंस तर मी भांडलो असतो. पण तुझ्या अक्षरात राग नव्हता.

तू विचारलंस, औषधाने काय वाटतं? तोंड कोरडं पडतं आणि मधूनच जांभई येते. बाकी अजून काही नाही. तू लिहिलंस की पहिले काही आठवडे असंच वाटतं आणि सोडून द्यावंसं वाटतं, तेव्हा सोडू नकोस. सोडलेलं नाही.

आता महत्त्वाचं. सुट्टीत तिला पाठव असं तू म्हणायचीस. सुट्टीत नाही, मी तिला आत्ताच पाठवू का? आणि सुट्टीपुरतं नाही, मी सावरेपर्यंत. तू पूर्ण बरी नाहीस हे माहीत आहे. पण तू लिहिलंस, सकाळ जड जाते आणि दुपारपर्यंत तू उठून बसतेस. माझं दुपारीही जमत नाही. शिवाय तिथे दादा आहे, वहिनी आहे. एकाने मान टाकली तर दुसरं माणूस उभं आहे. इथे मी मान टाकली तर दार उघडं आणि समोर रस्ता. भिंगरीच्या डॉक्टरांनाही हे पटलंय. शाळेशी मी बोललो. त्या पेन्सिलवाल्या बाईंनी तिकडच्या शाळेसाठी स्वतः लिहून दिलं, काय केलं की ती ऐकते आणि काय केलं की बिनसतं. मी त्यांना म्हटलं, त्या दिवशी मी नीट बोललो नाही. त्या म्हणाल्या, ‘सवय आहे मला.’

मी नकार देत होतो तेव्हा म्हणायचो, तिच्या भल्यासाठी. आता पाठवतोय तेही तिच्या भल्यासाठीच म्हणतोय. तुला हसू येत असेल तर हस. पण हो म्हण.

तिला मी काल सांगितलं. कपाटातून कपडे काढून पलंगावर ठेवत होतो. ती ते उचलून परत कपाटात कोंबत होती.

‘मी दात वितळवले म्हणून पाठवतोयस?’

‘नाही.’

‘बसने गेले म्हणून?’

‘नाही गं.’

‘मग तू रागावलायस म्हणून.’ आणि मग एकदम माझ्या गुडघ्यांवर हात ठेवून, तोंड अगदी माझ्या तोंडाजवळ आणून म्हणाली, ‘बाबा, खरं सांग. तू आजारी आहेस की रागावलेला?’

‘आजारी,’ मी म्हटलं.

‘नक्की?’

‘नक्की. औषध घेतो ना मी, तुझ्यासारखंच.’

‘आणि आई?’

‘तीसुद्धा आजारीच होती.’

‘रागावलेली नव्हती?’

‘नाही. तुझ्यावर तर कधीच नाही.’

ती पलंगावर बसली. कितीतरी वेळ बसली, हातात एक मोजा धरून, न हलता. मग म्हणाली, ‘मला कुणी सांगितलंच नाही. मला वाटलं तुम्ही दोघं पाळीपाळीने माझ्यावर रागावता.’

मी तिला जवळ घेतलं. तिला जवळ घेणं म्हणजे मासा धरण्यासारखं, तुला माहीतच आहे, पण काल ती राहिली. माझ्या शर्टात तोंड घालून म्हणाली, ‘आजारी माणसाला त्रास द्यायचा नसतो. पण मला राहवतच नाही. मग मी काय करायचं?’

मी अजून उत्तर शोधतोय. तूही विचार करून ठेव. ती तुलाही विचारणार आहे.

दादा शनिवारी येतोय न्यायला.


२५ सप्टेंबर

अगं,

परवा तिकडे आलो तेव्हा बोलून झालंच आहे, तरी लिहितो. मला लिहिण्याची सवय लागली आहे, आणि समोर असलीस की अजूनही अर्धं गिळतो.

तुम्ही दोघी रविवारी घरी परत येताय. भिंती पुसून ठेवल्या आहेत. पण काय दिसेल ते आधीच सांगतो, म्हणजे दारात आल्यावर धक्का नको. मी बरा आहे, पण पूर्वीसारखा नाही. मालकांनी जुलैपासून दात बसवायचं काम परत दिलं, ते जमतं. रेडिओवाल्या आजोबांची कवळी मी नव्याने केली, शेवटपर्यंत नेली. ऑगस्टमध्ये एक आठवडा पुन्हा पडून काढला. तुला फोनवर सर्दी म्हणालो होतो. ती सर्दी नव्हती. डॉक्टरांकडे मात्र स्वतःहून गेलो, कुणाला मला न्यावं लागलं नाही. गोळी अजून वर्षभर तरी चालेल.

तूही तुझ्याकडचं लपवलं नाहीस हे बरं केलंस. ती वहिनीला चावली, नव्या शाळेत खिडकीतून उडी मारली, आणि जूनमध्ये तुझे ते वाईट दहाबारा दिवस आले तेव्हा ती पुन्हा कपाटावर चढायला लागली. आणि तू उठलीस तशी तीही उतरली. मी हे भिंगरीच्या डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘हे असंच चालणार. तिची चंचलता जाणार नाही, तुमचं दोघांचं आजारपण पुन्हा डोकावणारच नाही असंही कुणी सांगू शकत नाही. तुम्ही फक्त एवढं बघा, की तिघं एकाच वेळी पडायचे नाहीत.’

तू म्हणालीस, तिने मला विचारलेल्या ‘मग मी काय करायचं?’ या प्रश्नाला तूही उत्तर दिलं नाहीस. तू तिला एवढंच म्हणालीस, आम्हाला बरं करणं हे तुझं काम नाही. ती म्हणाली, मग माझं काम काय? तू म्हणालीस, गृहपाठ. त्यावर ती म्हणे चिडून निघून गेली. मला तुझं उत्तर आवडलं.

तर आता आपण परवा ठरवलं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे तू म्हणालीस-मी म्हणालो नको. ज्याचा दिवस वाईट असेल त्याने सकाळीच तसं सांगायचं. मोठ्याने, तिच्यासमोर. डोकं दुखतंय म्हणायचं नाही, दमलोय म्हणायचं नाही. दुसऱ्याने त्या दिवशी तिचं बघायचं आणि वर उपदेश करायचा नाही. आणि दोघांचाही दिवस एकदमच वाईट निघाला, तर दादाला फोन. लाज धरायची नाही. तो म्हणालाय की तो पहिली गाडी पकडेल, आणि वहिनी म्हणाली, तो नसला तर ती येईल, चावली तरी येईल.

आणि आपल्या दोघांच्यानेही फोन उचलवला नाही तर? हे मी परवा विचारलं नाही, कारण ती दारातच उभी होती. मग काल फोनवर तिला मीच म्हटलं, ‘मामाचा नंबर पाठ आहे का तुला?’

‘कशाला?’

‘आई आणि बाबा दोघंही आजारी असले तर तू बस पकडायची नाही. मामाला फोन करायचा. एवढंच. बाकी काही करायचं नाही.’

मला वाटलं, हिचं लक्ष गेलं दुसरीकडे. मागे कसलातरी खडखडाट चालला होता, बहुतेक ती खुर्चीवर उभी राहून डुलत होती. मग तिने नंबर म्हणून दाखवला. मधले दोन आकडे उलटे सांगितले. मी काही बोलायच्या आत ‘थांब, थांब, बोलू नकोस’ म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत बरोबर म्हटला.